राग डोक्यात जाण्याआधी अंगातच कसा ओळखायचा आणि उतरवायचा

तळपायाची आग मस्तकात जाते, कानशिलं तापतात, अंगाचा तिळपापड होतो, माणूस दातओठ खातो. रागाबद्दल मराठीत आपण जे जे बोलतो त्यातलं बहुतेक शरीराबद्दलच असतं आणि ते अगदी बरोबर आहे. राग आलाय हे आपल्या लक्षात येईपर्यंत तो अंगात चांगला भिनलेला असतो. म्हणून तर ‘शांत हो’, ‘सोडून दे’, ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’ हे सल्ले ऐन वेळी फुकट जातात. सल्ला समजून घ्यायला जे डोकं लागतं, तेच त्या क्षणी जागेवर नसतं.

इथे दिलेला सराव साधारण सहा आठवड्यांचा आहे आणि ज्यांनी यातलं काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी आहे. राग येणं बंद व्हावं असा त्याचा हेतू नाही. कुणीतरी मर्यादा ओलांडतंय, काहीतरी अन्यायाचं चाललंय, किंवा आपण फार थकलोय, ही खबर राग देत असतो आणि ती मिळायलाच हवी. राग आलेला असतानाही जीभ आणि हात आपल्या ताब्यात राहावेत, एवढंच साधायचं आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. यातलं प्रत्येक तंत्र राग नसताना, रोज, कंटाळा येईपर्यंत घोटायचं आहे. ऐन भांडणात पहिल्यांदाच श्वास मोजायला गेलेल्या माणसाला काहीच फरक पडत नाही, आणि मग ‘माझ्यावर असल्या गोष्टी चालत नाहीत’ असं म्हणून तो ते कायमचं सोडून देतो.

अंगात नेमकं काय होतं

मेंदूत खोलवर, कानशिलांच्या आतल्या बाजूला, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका किंवा अपमान जाणवला की तिथून इशारा निघतो, मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, हृदय जोरात धावतं, श्वास वर छातीत येतो, हातापायांच्या स्नायूंकडे रक्त वळतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये हे ‘लढा किंवा पळा’ या स्वरूपात मांडलं. शरीर मारामारीची तयारी करत असतं, मग समोर वाघ असो की मोबाइलवरचा एखादा खोचक मेसेज.

ही तयारी आपोआप होते. हृदयाला ‘हळू चाल’ असा हुकूम देता येत नाही, पण श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण ठरवू तसाही चालतो. आपल्या हाती लागणारी दोरी तीच. हे स्वतःच तपासून पाहा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, उजव्या हाताची दोन बोटं ठेवून नाडी शोधा आणि सावकाश, लांब श्वास घ्या नि सोडा. श्वास आत येताना ठोके किंचित जवळजवळ पडतात, बाहेर जाताना त्यांच्यातलं अंतर थोडं वाढतं. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस श्वास सोडताना हृदयाला लगाम घालते, म्हणून असं होतं. काहींना हा फरक लगेच कळतो, काहींना दोन-तीन दिवसांनी. तो बोटांना एकदा जाणवला की श्वासाच्या सरावावर वेगळा विश्वास ठेवावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. चढलेलं शरीर लगेच उतरत नाही. कामावर खटका उडाला, तो विषय संपला असं वाटलं, पण अंगातला ताण तसाच राहिला. संध्याकाळी मुलाने पाणी सांडलं की तो ताण त्याच्यावर निघतो. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात हे प्रयोगांतून दाखवलं होतं. ‘एवढ्याशा गोष्टीवरून मी एवढा का भडकलो?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा दुपारच्या प्रसंगात सापडतं. ‘राग नव्वद सेकंदांत उतरतो’ असंही सर्रास ऐकू येतं. ते घड्याळ लावून धरू नका. तो प्रसंग मनात पुन्हा पुन्हा घोळवला की शरीर प्रत्येक वेळी नव्याने चढतं.

पहिला आठवडा: फक्त खुणा शोधा

पहिल्या आठवड्यात राग आवरायचा प्रयत्नही करू नका. एक छोटी वही घ्या किंवा फोनमध्ये टिपण ठेवा. दिवसातून तीनदा, आणि जेव्हा जेव्हा चिडचिड होईल तेव्हा, तीनच गोष्टी लिहा: वेळ, अंगात काय जाणवलं, आणि शून्य ते दहामधला आकडा.

आकडा ठरवायला मराठीतले शब्द फार कामाचे आहेत. २ म्हणजे वैताग, ४ म्हणजे चिडचिड, ६ म्हणजे सरळ राग, ८ म्हणजे संताप, १० म्हणजे भडका, ज्यात आपण काय बोललो तेही नंतर धड आठवत नाही.

अंगातल्या खुणा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचे खांदे कानांकडे चढतात, कुणाच्या पोटात गोळा येतो, कुणाचा आवाज चढण्याआधी बारीक होतो, कुणी पायाचा अंगठा जमिनीत रुतवतं. आपल्याला हवी आहे ती ३ किंवा ४ वर दिसणारी खूण. आठवर असताना छाती धडधडते हे कुणालाही कळतं, पण तोवर उशीर झालेला असतो.

इथे हमखास एक चूक होते. लोक वहीत भांडणाची गोष्ट लिहितात: ‘ती असं म्हणाली, मग मी असं म्हणालो.’ त्याने प्रसंग पुन्हा जगला जातो आणि आकडा वर जातो. तिचं वाक्य वहीत नको. ‘सकाळी ९:१०, जबडा घट्ट, मान कडक, ४’ एवढं पुरे. शेवटी झोप किती झाली आणि पोटात काही होतं का, हेही टिपा. सात दिवसांनी पान उलटून पाहिलं की बहुतेकांना दिसतं, की निम्मी चिडचिड विशिष्ट वेळेला, भुकेला किंवा अपुऱ्या झोपेला चिकटलेली आहे. त्या निम्म्या भागाला तंत्र लागतच नाही. वेळेवर जेवण आणि झोप पुरते.

दुसरा आठवडा: श्वास

पाठ टेकून खुर्चीत बसा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले. एक हात छातीवर, एक बेंबीच्या वर. तोंड बंद. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. मधे रोखायचं नाही. एका श्वासाला दहा सेकंद, मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ स्थिर राहिला पाहिजे.

सोपं दिसतं, पण बहुतेक नवशिके इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘खोल श्वास घे’ हे ऐकून छाती भरभरून हवा ओढणं. दोन मिनिटांत डोकं हलकं होतं, ओठांभोवती नि बोटांत मुंग्या येतात, काहींना घाबरल्यासारखं होतं. शरीराला लागते त्यापेक्षा जास्त हवा आतबाहेर केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याची ही लक्षणं असतात. श्वास हळू हवा, मोठा नको. नेहमीपेक्षा जेमतेम थोडा जास्त. नाकाखाली बोट धरलं तर हवा अगदी हलकी लागली पाहिजे. मुंग्या आल्या तर मोजणं थांबवा, नेहमीसारखा श्वास घ्या, मिनिटभरात बरं वाटतं.

दुसरी चूक: सहा आकडे गाठण्यासाठी शेवटी हवा ढकलून बाहेर काढणं. पोटाचे स्नायू आवळले की शरीराला तो पुन्हा ताणच वाटतो. सहा जमत नसतील तर तीन आणि चार करा. सोडणं हे घेण्यापेक्षा लांब असलं की झालं. आकडे मोजण्याचंच दडपण येत असेल तर मोजू नका. श्वास सोडताना तोंड मिटून मनातल्या मनात एखादा लांबट शब्द म्हणा, किंवा भ्रामरी करा. श्वास सोडताना भुंग्यासारखा ‘म्म्म’ असा हलका गुंजारव केला की उच्छ्वास आपोआप लांबतो. पाच-सात वेळा पुरे. कानांत बोटं घालायची तर हलकेच, दाब देऊन नाही.

दुसरं तंत्र दुहेरी उसाशाचं. नाकाने श्वास घ्या, भरत आला की त्यावर आणखी एक छोटा श्वास नाकानेच ओढा, आणि तोंडाने सावकाश, लांबपर्यंत सोडा. रडून झाल्यावर लहान मूल जसा हुंदक्यासह उसासा टाकतं, तसाच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं असा श्वास केला, काहींनी तेवढाच वेळ ध्यान केलं. उसाशाच्या गटातल्या लोकांची मनःस्थिती जास्त सुधारली. ऐन प्रसंगात हे सगळ्यात उपयोगी, कारण दोन-तीन उसासे समोरच्याला न कळता टाकता येतात.

कपालभाती आणि भस्त्रिका मात्र रागाच्या वेळी करू नका. या जलद श्वासाच्या क्रिया शरीराला चेतवणाऱ्या आहेत, आणि त्या घटकेला अंगात चेतना कमी पडलेली नसते.

तिसरा आठवडा: आवळा आणि सोडा

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत स्नायू शिथिल करण्याची पद्धत विकसित केली. त्यांची मूळ पद्धत बरीच लांबलचक होती, आज शिकवतात ती तिची आटोपशीर आवृत्ती. स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडला की ‘सैल’ म्हणजे नेमकं काय वाटतं ते शरीराला कळतं, ही त्यामागची कल्पना. सतत ताणात राहणाऱ्या माणसाला आवळलेला खांदा हाच खरा खांदा वाटू लागलेला असतो.

उताणे झोपा किंवा टेकून बसा. प्रत्येक भाग पाच ते सात सेकंद आवळा, एका झटक्यात सोडा, आणि वीस सेकंद नुसतं तिथे लक्ष ठेवा. क्रम असा:

१. उजवी मूठ आणि कोपरापर्यंतचा हात, मग डावा
२. दोन्ही दंड
३. कपाळ (भुवया वर ताणून), मग डोळे मिटून घट्ट
४. जबडा
५. खांदे कानांकडे उचलून
६. पोट
७. मांड्या
८. पोटऱ्या, पायाची बोटं स्वतःकडे ओढून

पूर्ण फेरीला पाच-सहा मिनिटं लागतात. पूर्ण ताकद लावायची गरज नाही, निम्मी पुरे. पोटऱ्यांत गोळा येण्याची शक्यता असते, म्हणून तिथे आणखी कमी. जिथे दुखापत किंवा दुखणं आहे तो भाग आवळू नका, नुसतं लक्ष नेऊन सैल सोडा.

बरेच जण आवळणं मन लावून करतात आणि सोडल्यावरचे वीस सेकंद उरकून टाकतात. खरा सराव त्या वीस सेकंदांतला आहे. हात जड होतो, उबदार वाटतो, कधी बोटं किंचित थरथरतात, ते सगळं नीट पाहा.

जबड्यापाशी थोडं थांबू. राग गिळणाऱ्या माणसाचा ताण बहुतेकदा इथे साठतो. दात एकमेकांवर हलके दाबा, कानाच्या पुढे बोटं ठेवलीत तर स्नायू टणक झालेला लागेल. आता सोडा. ओठ मिटलेले राहू द्या, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांपासून वेगळे होऊ द्या, आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे, टाळूला अलगद टेकवा. दिवसभर जबडा असाच असायला हवा, फक्त जेवताना आणि गिळताना दात एकमेकांना लागतात. फोनवर दर दोन तासांनी गजर लावा आणि तेवढंच तपासा: दात वेगळे आहेत का? दोन सेकंदांचं काम आहे. एवढ्याने दिवसाचा सरासरी आकडा खाली आलेला वहीत दिसू शकतो.

‘राग बाहेर काढून टाक’ हा सल्ला

उशीला गुद्दे मार, ताटं फोड, मोकळ्या जागी जाऊन ओरड, म्हणजे राग निघून जाईल, असं पुष्कळ जण मनापासून सांगतात. ते चुकीचं आहे, आणि नुकसान करणारं आहे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या लोकांपैकी काहींनी ज्याने चिडवलं त्याचा विचार करत गुद्दे मारायच्या पिशवीवर हात चालवले, काही जण नुसते शांत बसून राहिले. गुद्दे मारणाऱ्यांचा राग जास्त राहिला. २०२४ मध्ये अशा १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो आणि शरीर चेतवणाऱ्या गोष्टींनी उतरत नाही, हे त्यात स्पष्ट दिसलं. रागाच्या भरात पळायला जाण्यानेही काम होत नाही.

याचा अर्थ व्यायाम वाईट असा बिलकुल नाही. रोजचा व्यायाम झोप सुधारतो आणि एकंदर ताण कमी करतो. तो रोजच्या वेळेला करा. आठवर असताना मात्र धावू नका, चाला. सावकाश.

चौथा आठवडा: ऐन प्रसंगात

आता तीन गोष्टी हाताशी आहेत: पहिली खूण, लांब उच्छ्वास आणि सैल जबडा. त्या प्रसंगाला जोडण्यासाठी जर-तर वाक्य तयार करा आणि लिहून ठेवा. ‘जबडा आवळलेला जाणवला, तर मी आधी एक दुहेरी उसासा टाकेन आणि मगच बोलेन.’ ‘आता चिडायचं नाही’ असला मोघम निश्चय टिकत नाही. खूण आणि कृती दोन्ही नेमकी सांगणारं वाक्य टिकतं. एका वेळी एकच वाक्य घ्या.

आकडा ३ ते ५ असेल तर तिथेच बसून काम होतं. दात वेगळे करा, खांदे खाली सोडा, तीन उसासे टाका, तळपाय जमिनीला दाबून तिचा टणकपणा जाणवू द्या. उसासे टाकून झाले की ओठ मिटलेले.

६ आणि ७ वर बोलणं थांबवायचं आणि जागा सोडायची. पण कशी, याला फार महत्त्व आहे. दार आपटून निघून जाणं हाही एक वार असतो. जाताना दोन गोष्टी सांगा: मी थांबतोय, आणि मी कधी परत येणार आहे. ‘मला आत्ता खूप राग आलाय, मी काहीतरी वेडंवाकडं बोलेन. अर्ध्या तासाने आपण बोलू.’ आणि अर्ध्या तासाने खरंच परत या, मग भले ‘मला अजून थोडा वेळ हवा’ एवढं सांगायला का होईना. परत न येणाऱ्या माणसाच्या विश्रांतीवर घरातले लोक पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाहीत. शक्य असेल तर शांत असतानाच घरात एक शब्द किंवा हाताची खूण ठरवून ठेवा.

जोडप्यांच्या भांडणांवर अनेक दशकं काम केलेले अमेरिकन संशोधक जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला शंभरच्या वर गेली की समोरच्याचं बोलणं नीट कानात शिरत नाही, आणि खाली यायला किमान २० मिनिटं लागतात. म्हणून पाच मिनिटांची विश्रांती पुरत नाही. त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात पुढचा युक्तिवाद रचत बसलात तर विश्रांती झालीच नाही असं समजा. हात गुंतवणारं काहीतरी करा: भांडी घासा, कपड्यांच्या घड्या घाला, झाडांना पाणी घाला, सावकाश चाला. परत जाण्याआधी नाडी मोजा. पंधरा सेकंदांतले ठोके गुणिले चार.

८ च्या पुढे श्वासही बरेचदा हाती लागत नाही. तिथे थंड पाणी. बेसिन किंवा मोठ्या भांड्यात गार पाणी घ्या, श्वास धरून १५ ते ३० सेकंद चेहरा त्यात बुडवा, किंवा गार ओला पंचा डोळे आणि गालांवर घट्ट धरून पुढे वाका. पाण्याखाली गेलेल्या प्राण्याचं हृदय मंदावतं, तीच प्रतिक्रिया माणसातही होते. पाणी गार हवं, बर्फासारखं झोंबणारं नको. हृदयविकार असेल, नाडी अनियमित असेल किंवा मुळातच मंद असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

गाडी चालवत असाल तर बाजूला थांबवा. मेसेजचं उत्तर लिहायचं असेल तर ते त्या संभाषणात लिहूच नका, टिपणाच्या पानावर लिहा. तिथून ते चुकून पाठवलं जात नाही. दुसऱ्या दिवशी वाचा, पाठवायचं असेल तर तेव्हा पाठवा.

पाचवा आठवडा: नाव द्या, आणि खाली काय आहे ते बघा

कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिडलेले, घाबरलेले चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेसाठी शब्द निवडला, तेव्हा अमिग्डालाची सक्रियता कमी झालेली दिसली. चेहरा कुठल्या नावाच्या व्यक्तीचा असेल एवढंच निवडायला सांगितलं तेव्हा तेवढा फरक पडला नाही. सांगायचं असं, की भावनेला नेमकं नाव दिल्याने ती थोडी खाली येते.

राग शांत होऊन चारपर्यंत आला की स्वतःला विचारा: याच्या खाली काय आहे? बरेचदा तिथे भीती, लाज, दुखावलेपण, मत्सर, एकटेपणा किंवा नुसता शीण सापडतो. ‘मी चिडलोय’पेक्षा ‘सगळ्यांसमोर चूक निघाली म्हणून मला लाज वाटली’ हे जास्त नेमकं आणि जास्त कामाचं. पहिल्या वाक्याला काय करावं सुचत नाही, दुसऱ्याला सुचतं. जमत असेल तर स्वतःचं नाव घेऊन, तिऱ्हाइतासारखं लिहा: ‘नीताला आज काय झोंबलं?’ एवढ्या अंतरानेही बरंच स्पष्ट दिसतं.

प्रत्येक भावनेला एकच औषध चालत नाही. भीती आणि धडधड असेल तर दुसऱ्या आठवड्यातले श्वास उपयोगी पडतात, त्याबरोबर खोलीतल्या पाच वस्तू नजरेने टिपा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका. लाजेत माणूस आक्रसतो, मान खाली जाते. तिथे पाठ सरळ करणं, हनुवटी जमिनीला समांतर आणणं आणि छातीवर हाताचा उबदार तळवा ठेवणं याने मदत होते. दुःख रडू आलं तर रडून घ्यावं, ते दाबण्यासाठी श्वासाचं तंत्र वापरू नये. आणि बधिरपणा असेल, काहीच वाटत नसेल, तर शांत करणारी तंत्रं उलट आणखी खाली ओढतात. तेव्हा उठा, प्रकाशात जा, दहा मिनिटं चाला, कुणाशी तरी बोला.

काही लोकांना, विशेषतः ज्यांच्यावर पूर्वी काही आघात झालेला आहे त्यांना, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्यावर अस्वस्थता वाढते. तुमचं तसं होत असेल तर त्यात तुमची चूक काही नाही. डोळे उघडे ठेवा, दाराकडे तोंड करून बसा, लक्ष श्वासाऐवजी तळपायांवर ठेवा, आणि पाच मिनिटांऐवजी एक मिनिट करा.

सहावा आठवडा: रागाचं म्हणणं मांडा

उतरलेला राग तसाच सोडून दिला तर तो धुसफुशीच्या रूपाने परत येतो. चेहरा निर्विकार ठेवून नुसतं दाबून ठेवल्याने आतला ताण कमी होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. म्हणून आकडा तीनच्या खाली असताना बोला. काय घडलं ते कॅमेऱ्याने टिपल्यासारखं, मला काय वाटलं, आणि मला काय हवं आहे. ‘तू नेहमीच उशीर करतोस’ यातला ‘नेहमीच’ काढा. ‘काल साडेसातला येतो म्हणालास, नऊला आलास, फोन केला नाहीस. मला काळजी वाटली आणि मग राग आला. उशीर होणार असेल तर फोन कर.’ एवढं बोललं की थांबा. जुना हिशेब आज काढू नका.

कुठे ही तंत्रं पुरत नाहीत

हात उगारला जातोय, वस्तू फेकल्या जाताहेत, घरातली माणसं तुमच्या पावलांच्या आवाजाने गप्प होतात, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावीशी वाटते, यातलं काहीही असेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, सहा आठवडे थांबू नका. चिडचिड नव्याने आणि कारणाशिवाय वाढली असेल तर शरीराची तपासणीही करून घ्या. थायरॉइड जास्त काम करत असेल तरी माणूस चिडका होतो, आणि नैराश्य अनेकांमध्ये उदासीऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसतं. दारू पोटात असताना यातलं कुठलंही तंत्र चालेल असं धरू नका. रागाच्या मोठ्या उद्रेकानंतरच्या एक-दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो. त्या वेळी छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम असं झालं तर तो ‘रागामुळेच’ म्हणून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

तुमच्यावर कुणी सतत अत्याचार करत असेल, तर श्वास मोजून तो सहन करत राहण्यासाठी हा सराव नाही. तिथला राग बरोबर आहे. स्वतःला शांत करायचं ते नीट विचार करून सुरक्षित जागी जाता यावं म्हणून.

घसरल्यावर

सहा आठवड्यांत एकदा तरी भडका उडतोच. बऱ्याच लोकांचा सराव त्या दिवशी सुटतो, म्हणून त्या दिवसासाठी वेगळा क्रम ठेवा. आधी वीस मिनिटं पूर्ण शांत व्हा. मग ज्याच्यावर ओरडलात त्याच्याकडे जाऊन माफी मागा, आणि तिच्यात ‘पण’ येऊ देऊ नका. ‘मी ओरडलो, ते चुकलं. तू घाबरलीस हे मला दिसलं.’ लहान मूल असेल तर त्याच्या उंचीला वाकून हेच सांगा, त्याने लगेच जवळ यावं असा आग्रह धरू नका. रात्री वही उघडा आणि प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे न्या: आकडा दहावर जाण्याआधी काय जाणवलं, त्याच्या आधी काय, त्याच्याही आधी काय? सगळ्यात आधीची खूण सापडली की डोळे मिटून (किंवा उघडे ठेवून) तो क्षण आठवा, दात वेगळे करा, लांब उसासा टाका, आणि तिथून उठून दुसऱ्या खोलीत जात असल्याचं मनात तीन वेळा पाहा. नंतर ती खूण पुढच्या आठवड्याच्या जर-तर वाक्यात घाला, आधीचं वाक्य खोडून टाका.